‘नाहीतर’ची कुळकथा

अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला मी पहिला प्रोग्राम लिहिला तो पंच कार्डांवर. एका कार्डावर एक ओळ. कार्डांच्या चळतीला रबरबँड लावायचा, ती खिडकीतून आत द्यायची आणि दुसऱ्या दिवशी छापील कागद घ्यायला पुन्हा त्याच खिडकीशी उभं राहायचं. भाषा होती फोर्ट्रान. तिसऱ्या की चौथ्या तासाला सरांनी फळ्यावर एक ओळ लिहिली : इफ (क्ष) 10, 20, 30. क्ष शून्याहून कमी असेल तर 10 क्रमांकाच्या ओळीवर जायचं, बरोबर शून्य असेल तर 20 वर, जास्त असेल तर 30 वर. मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, “सर, यात ‘नाहीतर’ कुठे आहे?” सर म्हणाले, “तीन पत्ते दिले की सगळं आलं. ‘नाहीतर’ लागत नाही.”

तेव्हा ते पटलं. पुढे आयुष्यभर प्रोग्राम लिहिले, दुसऱ्यांनी लिहिलेले वाचले, आणि तिच्या प्रश्नाचं मोल हळूहळू कळत गेलं. आज शाळेतलं मूल पहिल्याच आठवड्यात ‘इफ’ आणि ‘एल्स’ जोडीनं शिकतं. ही जोडी इतकी अंगवळणी पडली आहे, की ती संगणकाबरोबरच जन्मली असावी असं वाटतं. तसं घडलेलं नाही. ‘जर’ यंत्रात आधी शिरला. ‘नाहीतर’ मागून आला, आणि आजचं रूप त्याला मिळालं ते बुद्धिबळाच्या प्रोग्रामपाशी अडलेल्या एका गणितज्ञामुळे.

सुरुवात मागापासून करावी लागते. जोझेफ मारी जाकार यांनी 1804 च्या सुमारास फ्रान्समध्ये जो माग उभा केला, तो भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर चाले. पत्ते एकमेकांना बांधून त्यांची लांबलचक माळ केलेली असे. एका पत्त्यावर जिथे भोक, तिथला ताण्याचा धागा उचलायचा. पण हा माग एकदा चालू झाला की माळ सांगेल तेच आणि त्याच क्रमानं विणतो. तो मध्येच थांबून काही पाहत नाही, पाहून काही ठरवत नाही. लंडनच्या चार्ल्स बॅबेज यांनी ही पत्त्यांची कल्पना 1830 च्या दशकात आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी घेतली, आणि तिच्यात एक गोष्ट घातली जी मागात नव्हती. हिशेबाचं उत्तर शून्याखाली उतरलं तर एक दांडा उचलला जावा आणि त्यानं पत्त्यांची माळ ठरलेली घरं मागे किंवा पुढे सरकवावी, अशी सोय त्यांच्या आराखड्यांत आहे. यंत्रानं स्वतःचंच उत्तर बघून पुढची वाट बदलायची, ही ती कल्पना. ते यंत्र पुरं झालं नाही. बॅबेज 1871 मध्ये वारले आणि हा दांडा कागदावरच राहिला.

त्यानंतर सत्तर वर्षांनी खरोखर चालणारी यंत्रं आली, तेव्हा त्यांतल्या काहींत तो नव्हता. बर्लिनमध्ये कोनराड झुझ यांनी मे 1941 मध्ये झेड-3 हे यंत्र दाखवलं. त्याचा प्रोग्राम भोकं पाडलेल्या सिनेमाच्या फिल्मवर असे, आणि अटीवर वाट बदलण्याची सूचना त्याच्याकडे नव्हती. अमेरिकेत हार्वर्डला 1944 मध्ये सुरू झालेलं मार्क-1 सुमारे 51 फूट लांब होतं. त्याच्या कागदी पट्टीची दोन्ही टोकं चिकटवून वर्तुळ केलं की तोच हिशेब पुन्हा पुन्हा होई. पण अमुक झालं तर तमुक पट्टी, हा निर्णय यंत्र घेत नसे. ते थांबे, आणि माणूस उठून पट्टी बदली. वाट बदलण्याची सोय त्याला नंतर जोडली गेली.

एवढ्या हुशार माणसांना हे सुचलं नाही, असं कुणाला वाटेल. अडचण सुचण्याची नव्हती, पट्टीची होती. सूचना जोवर लांब पट्टीवर एकामागून एक बसलेल्या आहेत, तोवर ‘तिकडे जा’ म्हणणं म्हणजे पट्टी खेचत नेणं. आकडेमोड क्षणात होणार आणि पट्टी सरकवायला त्याच्या कितीतरी पट वेळ जाणार. मग सूचना आकड्यांसारख्याच यंत्राच्या स्मृतीत ठेवायच्या, असा विचार पुढे आला. जॉन फॉन नॉयमन यांच्या नावावर जून 1945 मध्ये फिरलेल्या मसुद्यात तो मांडलेला आहे. स्मृतीत प्रत्येक सूचनेला घर क्रमांक असतो. उडी मारायची म्हणजे ‘पुढची सूचना कुठली’ हे सांगणारा एक आकडा बदलायचा, बस्स. ‘जर’ स्वस्त झाला तो इथे.

त्याचा पहिला चालता पुरावा मँचेस्टरचा. 21 जून 1948 रोजी तिथल्या विद्यापीठात फ्रेडी विल्यम्स, टॉम किलबर्न आणि जेफ टूटिल यांच्या ‘बेबी’ या छोट्या यंत्रानं स्मृतीत ठेवलेला प्रोग्राम पहिल्यांदा चालवून दाखवला. स्मृती अवघी 32 शब्दांची, प्रत्येक शब्द 32 बिटांचा, आणि ती होती टीव्हीच्या पडद्यासारख्या नळीवर ठिपक्यांच्या रूपात. सूचनांचे प्रकार सात. त्यांतला एक माझा विशेष आवडता आहे : हातातला आकडा ऋण असेल तर पुढची सूचना ओलांड. एवढंच. कुठे जायचं हे ही सूचना सांगत नाही, फक्त एक पाऊल गाळते. किलबर्न यांनी तिच्या जोरावर 2,62,144 या संख्येचा, ती स्वतः सोडून, सर्वांत मोठा विभाजक शोधायला यंत्राला लावलं. यंत्राला भागाकार येत नव्हता, म्हणून वजाबाकी करत जायचं. वजाबाकीनंतरची सूचना होती ‘मागे जाऊन पुन्हा वजा कर’. उत्तर शून्याखाली गेलं की ती सूचना ओलांडली जायची आणि यंत्र त्या फेऱ्यातून बाहेर पडायचं. 52 मिनिटं चालून त्यानं 1,31,072 हे बरोबर उत्तर दिलं. उत्तर आधीच माहीत होतं. पाहायचं होतं ते हे, की यंत्र न चुकता इतका वेळ आपल्या वाटा आपण बदलत राहतं का.

पुढच्या वर्षी मे महिन्यात केंब्रिजला मॉरिस विल्क्स यांचा एड्सॅक सुरू झाला. त्याच्याकडे अशा दोन सूचना होत्या, ई आणि जी या अक्षरांच्या : आकडा शून्य किंवा धन असेल तर अमुक घरी जा, आणि ऋण असेल तर अमुक घरी जा. आजही यंत्राच्या अगदी तळाशी याच घराण्यातल्या सूचना असतात.

आपल्याकडे मुख्य रस्त्याला जिथे दुसरा रस्ता फुटतो त्या जागेला फाटा म्हणतात. एसटीच्या कितीतरी थांब्यांची नावं ‘अमुक फाटा’ अशीच आहेत. यंत्रातला ‘जर’ हा असा फाटा होता. अट खरी ठरली तर वळा. खोटी ठरली तर? काही नाही, सरळ चालत राहा. खोट्या अटीच्या वाट्याला स्वतःचं असं काही येत नव्हतं. अट खोटी ठरणं म्हणजे नुसतं न वळणं.

झुझ यांच्याकडे पुन्हा जायला हवं. युद्ध संपता संपता बर्लिन सोडून ते बव्हेरियाच्या डोंगराळ भागात गेले. यंत्रावर काम करणं शक्य नव्हतं, तेव्हा त्यांनी 1945 मध्ये कागदावर एक आख्खी प्रोग्रामिंगची भाषा रचून काढली. तिचं नाव प्लानकाल्क्यूल. ती सविस्तर छापली गेली थेट 1972 मध्ये, त्यामुळे मधल्या काळात तिचा वारसा कुणाला मिळाला नाही. या भाषेत ‘जर’ आहे, बाणानं लिहिलेला. ‘नाहीतर’ मात्र नाही. दुसरी बाजू हवी असेल तर तीच अट नकार जोडून पुन्हा लिहायची : पाऊस असेल तर छत्री घे, पाऊस नसेल तर टोपी घे. मराठी वाचकाला इथे थबकायला हवं, कारण आपला शब्द तेच दोन तुकडे पोटात घेऊन आहे. ‘नाही’ आणि ‘तर’. इंग्रजीतला ‘एल्स’ हा जुना शब्द, त्याचा मूळ अर्थ ‘दुसरं’. ‘अन्यथा’ म्हणजे दुसऱ्या प्रकारे. या दोन्ही शब्दांत नकार दिसत नाही. ‘नाहीतर’मध्ये मागच्या अटीचा नकार आणि त्याचं फळ, दोन्ही जोडून आलं आहे. झुझ यांना जे दोन वाक्यांत लिहावं लागलं, ते बोलणाऱ्या माणसाच्या तोंडात एका शब्दात बसलेलं होतं.

मग 1957 चा एप्रिल आला आणि फोर्ट्रान आली. आयबीएममध्ये जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती 704 या यंत्रासाठी केली. वैज्ञानिकानं सूत्र सूत्रासारखं लिहावं आणि यंत्राच्या भाषेत ते कंपायलरनं उतरवावं, हे या भाषेनं शक्य करून दाखवलं. त्या कामाची थोरवी कमी करण्याचा माझा हेतू नाही. पण तिचा ‘इफ’ सूत्रासारखा नव्हता, यंत्रासारखा होता. फळ्यावर पाहिलेले ते तीन पत्ते. 704 यंत्रात तुलनेची एक सूचना होती, तिलाही तीनच परिणाम होते : मोठं, समान, लहान. वरून गणिताचा पेहराव असलेल्या भाषेत या एका ठिकाणी लोखंड दिसत राहिलं.

मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं बांधलेला टिफरॅक हा संगणक 1960 मध्ये कामाला लागला. त्याच्यासाठी यंत्राच्या भाषेत लिहावं लागे. तिथेच 1964 मध्ये सीडीसी 3600 हा मोठा संगणक आला आणि त्याच्याबरोबर फोर्ट्रानचा वापर वाढला. आमच्या वर्गापर्यंत पोचलेली भाषा ती हीच.

तीन पत्त्यांत काय बिघडतं, ते मला एका साध्या प्रोग्रामनं शिकवलं. गुण वाचायचे, 35 पेक्षा कमी असतील तर ‘नापास’ छापायचं, नाहीतर ‘पास’. मी लिहिलं : इफ (गुण वजा 35) 10, 20, 20. ओळ 10 वर ‘नापास’ छापा. ओळ 20 वर ‘पास’ छापा. दुसऱ्या दिवशी कागद हातात आला. जे पास होते ते पास छापले होते. नापासांच्या नावापुढे मात्र ‘नापास’ आणि त्याखाली ‘पास’ असं दोन्ही होतं. ‘नापास’ छापल्यावर यंत्र पुढच्या ओळीवर सरकलं होतं, आणि पुढची ओळ होती 20. मध्ये ‘गो टू 30’ लिहून ‘पास’च्या ओळीला वळसा घालायला हवा होता, तो मी घातला नव्हता. विचार केला तर यंत्राचं काहीही चुकलं नव्हतं. माझ्या डोक्यात दोन पर्याय होते आणि एकच निवडायचा होता. भाषेत मात्र ‘पर्याय’ ही वस्तूच नव्हती. तिच्यात होते फक्त पत्ते आणि उड्या. दोघांपैकी एकच, हे नातं लिहायला जागा नव्हती, म्हणून ते प्रत्येकानं प्रत्येक वेळी आपल्या हातानं वळसे घालून उभं करायचं.

व्यापारी हिशेबांच्या बाजूनं याच सुमारास दुसरा एक प्रयत्न झाला. ग्रेस हॉपर, ज्यांनी युद्धकाळात हार्वर्डच्या मार्क-1 वर काम केलं होतं, त्या फिलाडेल्फियात युनिव्हॅक यंत्रासाठी फ्लो-मॅटिक ही भाषा तयार करत होत्या. बँकेतल्या, गोदामातल्या माणसाला चिन्हं नको असतात, त्याला शब्द हवेत, हा त्यांचा आग्रह. त्यांच्या भाषेत दोन मालांचे क्रमांक ताडून पाहणारी सूचना अशा अर्थाची असे : मोठा असेल तर दहाव्या क्रियेकडे जा, समान असेल तर पाचव्या क्रियेकडे जा, नाहीतर दुसऱ्या क्रियेकडे जा. इथे ‘अदरवाइज’ हा शब्द आलेला आहे. म्हणजे ‘नाहीतर’चा उच्चार हॉपर यांच्याकडे आधी झाला, हे मान्य करायलाच हवं. पण काम जुनंच होतं. तो ‘काय कर’ सांगत नव्हता, ‘कुठे जा’ सांगत होता.

हॉपर यांची एक आठवण इथे सांगायला हवी. ती त्यांनीच 1978 मध्ये प्रोग्रामिंग भाषांच्या इतिहासावरच्या परिषदेत सांगितली. वरिष्ठांना दाखवायला त्यांनी इंग्रजी शब्दांचा एक छोटा प्रोग्राम केला. मग तेच शब्द फ्रेंचमध्ये आणि जर्मनमध्ये बदलून दाखवले, आणि यंत्रानं तेही चालवले. हॉपर यांच्या लेखी सगळे शब्द सारखेच होते, यंत्राला ओळखू येणाऱ्या खुणा. पण वरिष्ठ बिथरले. फिलाडेल्फियात बनलेल्या अमेरिकी संगणकाला फ्रेंच आणि जर्मन कळावं, हे त्यांना झेपेना. आम्ही इंग्रजीच वापरू, असं सांगून त्यांची समजूत काढावी लागली. ‘इफ’च्या जागी ‘जर’ आणि ‘एल्स’च्या जागी ‘नाहीतर’ ठेवायला यंत्राची कधीच हरकत नव्हती. त्यासाठी कोष्टकातला एक शब्द बदलावा लागतो, इतकंच.

आता बुद्धिबळ. गणितज्ञ जॉन मॅकार्थी 1957-58 च्या सुमारास आयबीएम 704 वर, फोर्ट्रानमध्ये, बुद्धिबळातल्या नियमाला धरून असलेल्या चाली काढणारा प्रोग्राम लिहीत होते. पटावर प्रत्येक घरापाशी अट. उंट इथून तिकडे जाऊ शकतो का, मध्ये सोंगटी आहे का, ती आपली की परक्याची. तीन पत्त्यांच्या ‘इफ’नं त्यांचा जीव मेटाकुटीला आला. म्हणून त्यांनी एक फलन लिहिलं, नाव ठेवलं एक्सआयएफ. त्याला तीन गोष्टी द्यायच्या : एक अट आणि दोन किमती. अट खरी तर पहिली किंमत उत्तर म्हणून येईल, नाहीतर दुसरी. पाहा, इथे ‘जा’ हे क्रियापद गळून पडलं. अटीतून आता जागा निघत नव्हती, किंमत निघत होती, आणि ती किंमत पुढच्या सूत्रात सरळ बसवता येत होती.

मात्र त्यात एक खोट राहिली. फोर्ट्रानमध्ये फलनाला काही द्यायचं तर ते आधी पूर्ण काढून द्यावं लागे. म्हणजे अट बघण्यापूर्वीच दोन्ही किमती काढून तयार. एक वापरायची, दुसरी टाकून द्यायची. वेळ वाया जाई. पण नुकसान वेळेपुरतं राहत नाही. क्रमगुणित घ्या. 4 चं क्रमगुणित म्हणजे 4 गुणिले 3 चं क्रमगुणित, त्यासाठी 2 चं, त्यासाठी 1 चं, त्यासाठी 0 चं. नियम असा : संख्या शून्य असेल तर उत्तर 1, नाहीतर संख्या गुणिले तिच्या आधीच्या संख्येचं क्रमगुणित. दोन्ही बाजू नेहमीच काढायच्या ठरवलं, तर शून्यापाशी पोचल्यावरही यंत्र ‘नाहीतर’ची बाजू काढायला उणे एककडे जाईल, मग उणे दोनकडे, आणि ते थांबणारच नाही. मॅकार्थी यांनी म्हणून ठरवलं, की अट आधी तपासायची आणि निवड झालेली बाजूच काढायची. दुसरीकडे ढुंकूनही पाहायचं नाही. हे साधं फलन असू शकत नाही, भाषेनंच त्याला वेगळी जागा द्यायला हवी. या शोधाच्या पायावर त्यांची लिस्प ही भाषा उभी राहिली. एप्रिल 1960 मध्ये छापलेल्या त्यांच्या निबंधात अटी आणि किमतींच्या जोड्या बाणांनी लिहिलेल्या दिसतात, आणि शेवटच्या जोडीत अटीच्या जागी नुसतं ‘सत्य’ लिहिलेलं असतं. वरचं काहीच जुळलं नाही तर हे जुळणारच. ‘नाहीतर’ म्हणण्याची ही तर्कशास्त्राची रीत.

हीच कल्पना त्यांनी एका संगणकविषयक नियतकालिकाकडे लेख म्हणून पाठवली होती. मजकूर फार छोटा म्हणून तो 1959 मध्ये संपादकाला पत्र या स्वरूपात छापला गेला, असं त्यांनी पुढे लिहून ठेवलं आहे. त्या पत्रानं पुढच्या जवळजवळ प्रत्येक भाषेचं व्याकरण बदललं.

जानेवारी 1960 मध्ये पॅरिसला तेरा जण जमले. बॅकस होते, मॅकार्थी होते, ॲलन पर्लिस होते, झुरिकचे हाइन्झ रुटिसहाउझर होते. अहवाल लिहिण्याची जबाबदारी डेन्मार्कचे पीटर नाऊर यांच्याकडे. देशोदेशींच्या वैज्ञानिकांना एकमेकांत वापरता येईल अशी भाषा ठरवायची होती, अल्गोल 60. तिच्या 1958 मधल्या पहिल्या रूपात एकाच बाजूचा ‘इफ’ होता, आणि अनेक पर्यायांसाठी ‘इफ आयदर’, ‘ऑर इफ’ अशी अवघडलेली रचना होती. पॅरिसमध्ये मॅकार्थी यांची कल्पना घेतली गेली, त्यांचे बाण मात्र नाही. या भाषेत इंग्रजी शब्द वापरायचे ठरलेलं होतं. त्यामुळे कागदावर उतरलं ते इफ, देन, एल्स. किमतीसाठीही तेच आणि कृतीसाठीही तेच. जर, तर, नाहीतर.

या क्षणी फाट्याचं स्वरूप बदललं. एसटीच्या फाट्यावर वळलेला रस्ता मूळ रस्त्याला पुन्हा मिळेलच असं नाही. ‘जर-तर-नाहीतर’च्या दोन्ही वाटा मात्र खाली एकत्र येतातच, तसा त्या रचनेचा करारच आहे. वर एक दार, खाली एक दार, आणि मध्ये दोन खोल्यांपैकी एकीतूनच जाणं. माझ्या नापासांच्या कागदावरची चूक या रचनेत लिहिताच येत नाही. संगणकशास्त्रज्ञ एड्स्खर डाइक्स्ट्रा यांचं ‘गो टू’विरुद्धचं गाजलेलं पत्र मार्च 1968 मध्ये आलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं, की प्रोग्राम वाचणाऱ्याला यंत्र आत्ता कुठवर आलं आहे हे मजकुराकडे बघून कळायला हवं, आणि बेबंद उड्या ते कळू देत नाहीत. त्या म्हणण्याला बळ कुठून आलं, असं विचाराल तर मी म्हणेन ‘एल्स’कडून. उड्या सोडा असं सांगणाऱ्याच्या हातात बदली द्यायला काही असावं लागतं.

नव्या पाहुण्यानं एक भांडणही आणलं. घरातून निघणाऱ्या मुलाला आई सांगते, “पाऊस थांबला तर, सायकल घरी असेल तर बाजारात जाऊन ये, नाहीतर अभ्यासाला बस.” यातला ‘नाहीतर’ कुणाचा? पावसाचा की सायकलीचा? पाऊस चालूच असेल तर अभ्यास, की पाऊस थांबूनही सायकल नसेल तर अभ्यास? आईच्या सुरावरून, थांबण्यावरून मुलाला ते कळतं. यंत्राला सूर ऐकू येत नाही. अल्गोल 60 च्या व्याकरणात ही लोंबकळती फांदी निघाली, आणि 1966 मध्येही तिच्यावर अखेरचा तोडगा असं शीर्षक देऊन निबंध छापला गेला. अल्गोलच्या सुधारित अहवालानं ‘देन’नंतर लगेच दुसरा उघडा ‘इफ’ लिहायला मनाई केली. पास्कल आणि सी या भाषांनी ठरवलं, की ‘एल्स’ सर्वांत जवळच्या रिकाम्या ‘इफ’चा. अल्गोल 68 नं ‘इफ’ची अक्षरं उलटी करून ‘फाय’ हा शेवट बनवला. युनिक्सच्या बोर्न शेलमध्ये तो आजही टिकून आहे. पायथननं समासाची ओढ धरली. ओळ जितकी आत, तितकी ती त्या अटीची. मला शेवट स्पष्ट सांगणारी पद्धतच बरी वाटते. फेब्रुवारी 2014 मध्ये ॲपलला आयफोनसाठी घाईनं दुरुस्ती पाठवावी लागली, तिच्या मुळाशी हाच सैलपणा होता. सी भाषेत कंस न घातलेला एक ‘इफ’, आणि त्याखाली उडीची ओळ चुकून दोनदा. पहिली अटीच्या आत राहिली, दुसरी अटीच्या बाहेर पडली. त्यामुळे उडी नेहमीच बसायची, आणि समोरचा सर्व्हर खरा की तोतया हे ठरवणारी सहीची तपासणी कधी होतच नसे.

फोर्ट्रानला मात्र ‘नाहीतर’ मिळायला फार उशीर झाला. मध्ये तिला खऱ्या-खोट्या अटीचा ‘इफ’ मिळाला, तोही एकाच बाजूचा. लोकांची भूक इतकी होती, की 1975 च्या सुमारास ब्रायन कर्निहान यांनी रॅटफॉर नावाचा दुभाषा प्रोग्राम केला. त्यात ‘इफ’ आणि ‘एल्स’ वापरून लिहायचं, तो ते फोर्ट्रानच्या उड्यांत उतरवून देई. शेवटी फोर्ट्रान 77 या प्रमाणात इफ, देन, एल्स अधिकृतपणे आले. भाषेच्या जन्मानंतर वीस वर्षांनी. आमच्या वर्गात फळ्यावर जी ओळ आली, ती त्या आधीच्या फोर्ट्रानची होती.

भाषेत वर हे सगळं घडत असताना तळाशी, यंत्रात, काही बदललेलं नव्हतं. कंपायलर अजूनही प्रत्येक ‘नाहीतर’चं रूपांतर बहुतेक वेळा उडीतच करतो, माझा विसरलेला ‘गो टू 30’ तो न विसरता घालतो. पण यंत्रं वेगवान झाली तशी उडी महाग पडू लागली. आजचा प्रोसेसर एकेक सूचना पुरी करून पुढे जात नाही, अनेक सूचना एकाच वेळी वाटेवर असतात. फाट्यापाशी अटीचा निकाल यायचा असतो आणि मागून रांग लागलेली असते. थांबणं परवडत नाही, म्हणून तो अंदाज करतो : गेल्या खेपेला डावीकडे गेलो होतो, आताही डावीकडेच. अंदाजाच्या वाटेवर काम सुरू होतं. चूक निघाली तर केलेलं टाकून द्यायचं आणि दुसऱ्या वाटेनं निघायचं. आयबीएमच्या स्ट्रेच यंत्रानं 1961 मध्येच अशी झेप घेऊन पाहिली होती.

3 जानेवारी 2018 रोजी संशोधकांनी स्पेक्टर नावाची त्रुटी जाहीर केली. प्रोसेसर चुकीच्या अंदाजानं ज्या वाटेवर गेला, तिथलं उत्तर तो टाकून देतो, पण वाचलेल्या माहितीच्या खुणा त्याच्या जवळच्या स्मृतीत उरतात. अट लिहिलेली असते ‘परवानगी असेल तरच वाच’. अंदाज म्हणतो परवानगी असेल. निकाल येईपर्यंत वाचून झालेलं असतं, आणि वेळ मोजून त्या खुणांवरून गुपित ओळखता येतं. इंटेल, एएमडी, एआरएम, सगळ्यांचे प्रोसेसर यात सापडले. निवड न झालेल्या बाजूकडे ढुंकूनही पाहायचं नाही, ही मॅकार्थी यांची अट भाषांनी पाळली, यंत्रांनी वेगापोटी मोडली.

त्याच वर्षी फोर्ट्रानचं नवं प्रमाण प्रसिद्ध झालं. फोर्ट्रान 90 या प्रमाणापासून कालबाह्य म्हणून खूण केलेला तीन पत्त्यांचा ‘इफ’ त्यात अधिकृतपणे काढून टाकला आहे. जुने प्रोग्राम अडू नयेत म्हणून काही कंपायलर तो अजून स्वीकारतात.